काकूंचा आवाज आता कुठे शोधायचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे रेडिओवर आणि हौशी रंगभूमीवर काम केलेल्या कलावंतांच्या स्मरणाविषयी आहेत. पहिल्या पत्राला मी बरीच अधिक जागा देत आहे, कारण त्यातील प्रश्न पुष्कळ घरांच्या माळ्यावर ट्रंकेत बंद होऊन पडलेला आहे.

प्रश्न : आमच्या काकू गेल्या मार्गशीर्षात वयाच्या ८१ व्या वर्षी वारल्या. सांगली जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. पण गाव त्यांना ओळखत असे ते सांगली आकाशवाणीवरच्या नभोनाट्यांमुळे आणि आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या प्रयोगांमुळे. १९६८ पासून सुमारे २५ वर्षे त्या रेडिओवर काम करीत होत्या. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास एक संध्याकाळ त्यांच्या स्मरणासाठी करावी, असे आम्ही पुतण्या-भाच्यांनी ठरवले आहे. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत आकाशवाणीची करारपत्रे, काही संहितांच्या कार्बन प्रती, राज्य नाट्यस्पर्धेची दोन प्रमाणपत्रे आणि नाव न लिहिलेल्या दोन कॅसेट सापडल्या. नभोनाट्यातला त्यांचा आवाज मात्र आमच्यापाशी कुठेच नाही. तो आकाशवाणीकडे असेल का? नसेल, तर ज्या आवाजासाठी लोक त्यांना ओळखत होते त्याच्याशिवाय हा कार्यक्रम कसा करायचा? त्यांची भूमिका दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतली तर ते योग्य होईल का? (एक वाचक, जिल्हा सांगली)

उत्तर : अप्रिय भाग आधी सांगते. काकूंच्या नभोनाट्यांची ध्वनिमुद्रणे केंद्रावर आजही असतील अशी आशा फार धरू नका. त्या काळी नाटक पाव इंच रुंदीच्या फितीवर मुद्रित होत असे. फीत महाग होती, आणि एखादे नभोनाट्य प्रसारित झाले, फार तर एकदा पुनःप्रसारित झाले, की पुष्कळदा तीच फीत पुसून पुढच्या एखाद्या भाषणासाठी किंवा भजनासाठी वापरली जाई. जपून ठेवण्याच्या यादीत मोठ्या गवयांच्या मैफली जात, पुढाऱ्यांची भाषणे जात. जिल्ह्याच्या केंद्रावर अधूनमधून कराराने बोलावल्या जाणाऱ्या नाट्यकलाकाराचा आवाज त्या यादीत क्वचितच बसे. मी स्वतः एका केंद्रावर अकरा वर्षे नभोनाट्यांत काम केले आहे. माझ्या सर्वांत आवडत्या भूमिकेची फीत एकदा ऐकायला मिळावी म्हणून प्रसारणानंतर तीन महिन्यांनी मी तिथे गेले, तेव्हा त्या फितीच्या डब्यावरील आमच्या नाटकाचे नाव खोडून त्याखाली दुसऱ्या कार्यक्रमाचे नाव लिहिलेले होते. डबा मी हातात घेऊन पाहिला आणि परत जागेवर ठेवला. तुमचे पत्र वाचताना तो डबा मला पुन्हा दिसला, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

लेखकाचा शब्द छापला जातो, गायकाचे गाणे तबकडीवर जाते. पुणे केंद्राच्या जुन्या दिवसांविषयी बोलताना आपण व्यंकटेश माडगूळकरांचे आणि पु. ल. देशपांड्यांचे नाव घेतो, १९५५ च्या रामनवमीला सुरू झालेल्या गीतरामायणाचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच केंद्रांवर, आणि १९६३ साली सुरू झालेल्या तुमच्या सांगली केंद्रावर, ज्या शिक्षिका, कारकून, वकील आणि गृहिणी संध्याकाळी येऊन सासू, पाटील, डॉक्टर आणि परित्यक्ता झाल्या, त्यांचे छापील काही उरले नाही आणि तबकडीवरही काही उरले नाही. म्हणूनच तुमच्या घरातली ती ट्रंक तुम्हाला वाटते त्याहून मोलाची आहे.

ट्रंकेपासूनच आरंभ करा. कृष्णेच्या २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात कागदांचे काय झाले, हे सांगली जिल्ह्यातील माणसाला मी सांगायला नको. तेव्हा ती ट्रंक तळमजल्यावर असेल तर आज संध्याकाळी वर न्या, आणि तिच्यातील प्रत्येक कागदाचे, पाठपोट, मोबाइलने का होईना, छायाचित्र घेऊन ते दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. मग करारपत्रे तारखेप्रमाणे लावा. लोकांना हे कागद मानधनाचे वाटतात, आणि मानधनाचा आकडा पाहून हसून ते बाजूला ठेवले जातात. वास्तविक त्यांच्यावर कार्यक्रमाचे नाव आणि तारखा असतात, म्हणजे काकूंच्या पंचवीस वर्षांची दिनदर्शिकाच तुमच्या हाती आहे. एका वहीत ही सारी नोंद उतरवून काढा. ती तयार झाली की केंद्राला लिहिताना ‘आमच्या काकूंचे काही असल्यास कळवावे’ असे मोघम लिहावे लागणार नाही. अमुक तारखेला प्रसारित झालेले अमुक नाटक, अशी विचारणा करता येईल, आणि अशा विचारणेला शोधणारा माणूसही अधिक मनापासून उत्तर देतो. त्याच तारखा घेऊन जुन्या ग्रंथालयातील वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली पाहा. ‘आजचे आकाशवाणी कार्यक्रम’ हा चौकोन त्या काळच्या दैनिकांत नित्य छापला जाई, आणि त्यात नाटकाचे आणि लेखकाचे नाव सापडण्याची शक्यता बरीच असते. लेखक कळला की बहुधा सहकलाकार कळतात, आणि मला तुम्हाला तिथेच पोहोचवायचे आहे.

कॅसेटविषयी एक विनंती आहे. त्या उत्सुकतेने घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावून पाहू नका. इतक्या वर्षांत फितीला बुरशी धरलेली असू शकते, आतली दाबपट्टी सुटलेली असू शकते, आणि वाईट यंत्र ती फीत एका क्षणात गुंडाळून तोडते. प्रथम कॅसेटच्या मागच्या कडेला असलेल्या दोन छोट्या प्लास्टिकच्या खिट्या मोडून टाका, म्हणजे चुकूनही तिच्यावर नवे काही मुद्रित होणार नाही. नंतर चांगले, स्वच्छ केलेले यंत्र असलेल्या ध्वनिमुद्रकाकडे ती एकदाच सलग वाजवून संगणकावर उतरवून घ्या, आणि ती उतरवलेली प्रत एमपीथ्री न करता मूळ मोठ्या वेव्ह स्वरूपात ठेवा. फितीवर निघेल ते कदाचित एखाद्या लग्नातले मंगलाष्टक असेल, कदाचित काकू भाचीला शुभंकरोती शिकवत असतील. ते निघाले तरी निराश होऊ नका. तोही त्यांचाच आवाज आहे.

आणखी एक वाट आहे, जी बहुतेकांना सुचत नाही. १९८० नंतर पुष्कळ घरांत ‘टू-इन-वन’ आले आणि श्रोते रेडिओवरचे कार्यक्रम थेट कॅसेटवर घेऊ लागले. गाणी घेण्यासाठी लावलेल्या कॅसेटवर गाण्यापूर्वीच्या नाटकाची शेवटची चार मिनिटे येऊन बसलेली मी स्वतः ऐकली आहेत. तेव्हा तालुक्यातील शिक्षक, बँकेतील निवृत्त मंडळी आणि जुने रेडिओ दुरुस्त करणारे यांच्यापर्यंत एक निवेदन पोहोचवा, आणि त्यात नाटकांची नावे व तारखा द्या. चार मिनिटे सापडली तरी ती सोन्याची.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. आवाज सापडलाच नाही, तर काय करायचे? तुम्ही सांगलीचे आहात म्हणून लिहिते. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि आपण तो दिवस रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या रात्रीचा एकही उद्गार कोणी ऐकवू शकत नाही. तरीही सूत्रधार कसा येई, विदूषक काय करी, राक्षस कसे आरडाओरडा करीत प्रवेश करीत, हे आपल्याला माहीत आहे, कारण पाहणाऱ्यांनी ते बारकाईने सांगितले आणि कोणीतरी ते लिहून ठेवले. ‘प्रयोग अप्रतिम झाला’ एवढेच त्यांनी लिहिले असते तर आपल्या हाती काही लागले नसते.

स्मरणिकांत नेमके हेच घडते. ‘गोड गळा’, ‘प्रभावी अभिनय’, ‘हसतमुख व्यक्तिमत्त्व’, ‘न भरून येणारी पोकळी’ हे शब्द कोणत्याही माणसाविषयी लिहिता येतात, आणि वाचून झाल्यावर कोणताही माणूस डोळ्यांपुढे उभा राहत नाही. तुम्ही सहकलाकारांकडे जा आणि त्यांना काकूंच्या कामाविषयी विचारा. नभोनाट्य हे हातांनी आणि पावलांनी करायचे काम होते, हे आजच्या श्रोत्याला ठाऊक नसते. संहितेच्या सुट्या पानांचा आवाज होऊ नये म्हणून वाचून झालेले पान न उलटता हलकेच मागे सरकवायचे. फ आणि भ माइकवर फुटतात, म्हणून ते उच्चारताना मान किंचित तिरपी करायची. दाराबाहेरून हाक मारायची असेल तर चार पावले मागे जाऊन तोंड वळवायचे, आणि कानात सांगायचे असेल तर माइकच्या अगदी जवळ येऊन श्वास आवरायचा. आम्हा बायकांना आणखी एक अडचण होती : काचेच्या बांगड्या. हात हलला की त्या किणकिणत आणि सारे मुद्रण पुन्हा करावे लागे. बांगड्या काढून ठेवणे त्या काळी कोणत्याही सवाष्णीला रुचत नसे. म्हणून आम्ही त्या कोपराकडे सरकवून त्यांवर रुमाल घट्ट बांधत असू. काकूंनी काय केले असेल? त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या एखाद्या बाईंना हे विचारा. त्या हसतील, आणि मग पुढचे अर्धा तास तुम्हाला काही विचारावे लागणार नाही.

विचारायला आणखी पुष्कळ आहे. त्यांची आवाजचाचणी कोणत्या वर्षी झाली आणि त्यांना कोणती श्रेणी मिळाली. ‘बी’ श्रेणीवरून ‘बी हाय’ श्रेणीपर्यंत जाण्यासाठी कलाकार पुनःपुन्हा चाचणी देत, आणि त्या पत्राची वाट कशी पाहत, हे घरच्यांना आठवत असते. तालीम संपल्यावर गावी परत जाण्यासाठी त्या कोणती मुक्कामी एसटी पकडत, बरोबर काका असत की शाळेतील एखाद्या बाई, आणि गाडी चुकली तर सांगलीत कोणाच्या घरी उतरत? दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेला उभ्या राहत तेव्हा वर्गातील मुलांना रात्रीचे नाटक ऐकल्याची बढाई मारता येत असे का? घरात कोणाचा विरोध होता का, असेल तर तो कसा निवळला? हे शेवटचे विचारायला संकोच करू नका आणि उत्तर मिळाल्यास ते गाळूही नका. त्या पिढीतील अनेक विवाहित स्त्रियांना रंगमंचावर उभे राहण्यापेक्षा रेडिओवर बोलण्याची परवानगी लवकर मिळाली, कारण तिथे त्या कोणाला दिसणार नव्हत्या. काकूंनी मात्र दोन्ही केले. गावच्या शाळेच्या पटांगणात, ओळखीच्या चारशे माणसांसमोर, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा आवाज लावणारी बाई दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन कुजबुजीइतक्या आवाजात रडू शकते, याला फार मोठा ताबा लागतो. रंगमंचावरील पुष्कळ चांगले नट माइकसमोर ओरडतात आणि पुष्कळ चांगले रेडिओ कलावंत रंगमंचावर ऐकू येत नाहीत. काकूंना हे दोन्ही कसे साधले, हे त्यांच्या दिग्दर्शकाला किंवा सहकलाकाराला ठाऊक असेल, आणि माझ्या मते तुमच्या कार्यक्रमाचा गाभा हाच असावा.

राज्य नाट्यस्पर्धेच्या प्रमाणपत्रांवरून वर्ष आणि केंद्र कळेल. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेने तालुक्याच्या गावांतील हौशी मंडळांना वर्षातून एकदा तरी पूर्ण लांबीचे नाटक उभे करायला लावले, आणि अभिनयाचे रौप्यपदक किंवा गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालेल्या कलाकाराला गाव वर्षानुवर्षे विसरत नसे. ही प्रमाणपत्रे चौकटीत लावून भिंतीवर टांगण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढा. उन्हात शाई लवकर उडते.

भूमिका दुसऱ्याकडून वाचून घ्यावी का, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. अवश्य घ्यावी, आणि नक्कल करवून घेऊ नये. ज्या संहितेची कार्बन प्रत पूर्ण आहे अशी एक निवडा. काकूंच्या शाळेत शिकलेली एखादी मुलगी, जी आता चाळिशीची झाली असेल, तिला ती भूमिका द्या आणि ‘काकूंसारखे बोल’ असे एकदाही सांगू नका. तिने तिच्या समजुतीने वाचावे. बरोबरचे जुने कलाकार हयात असतील तर त्यांना त्यांच्याच जुन्या भूमिका द्या. ऐंशीच्या घरातील माणसाने तरुण नवऱ्याचे संवाद वाचले तर काहीही बिघडत नाही, रेडिओने आपल्याला ही मुभा आधीच दिलेली आहे. वाचणाऱ्यांना पडद्यामागे बसवा आणि सभागृहातील दिवे मंद करा, कारण ते नाटक ऐकण्यासाठी लिहिलेले आहे. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या, पावसासाठी सुपात हलवलेले तांदूळ, आगीसाठी चुरगळलेला सेलोफेन कागद, हे सारे गावातील मुलांना आनंदाने करता येईल. लेखकाची मात्र आधी लेखी परवानगी घ्या. आपल्या कायद्याप्रमाणे लेखनाचा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे असतो, आणि कार्बन प्रत आपल्या ट्रंकेत असल्याने नाटक आपले होत नाही. बहुतेक वारस अशी परवानगी आनंदाने देतात. त्यांनाही त्यांच्या माणसाची आठवण कोणी काढल्याचे बरे वाटते.

काकूंचे दोष सांगणारा कोणी भेटला तर त्याचेही लिहून घ्या. तालमीला उशिरा येणाऱ्यावर त्या चिडत असतील, संवाद बदलणाऱ्या दिग्दर्शकाशी त्यांचे कधी वाजले असेल. गावाने ज्या बाईवर प्रेम केले ती हीच होती.

प्रश्न : माझे आजोबा मुंबई आकाशवाणीवरच्या ‘प्रपंच’ या कौटुंबिक मालिकेविषयी नेहमी बोलतात. मीनावहिनी, पंत आणि टेकाडे भावजी ही त्यांच्या घरातलीच माणसे होती, असे ते म्हणतात. पण कलाकारांची खरी नावे विचारली तर त्यांना चटकन आठवत नाहीत. हे कलाकार कोण होते? आणि श्रोत्यांनी भूमिकेचे नाव लक्षात ठेवून कलाकाराचे नाव विसरणे, हा त्या कलाकारावर अन्याय नाही का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, ज्या पुढे संगीतकार यशवंत देव यांच्याशी विवाह झाल्यावर करुणा देव या नावाने ओळखल्या गेल्या. टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, आणि पंत म्हणजे प्रभाकर जोशी. ‘प्रपंच’ आणि नंतरचे ‘पुन्हा प्रपंच’ ऐकत वाढलेल्या पिढीला ही तीन नावे सांगून पाहा. तिच्या चेहऱ्यावर चाळीतला एखादा शेजारी भेटल्यासारखा आनंद दिसतो. कुडतरकरांचा आवाज अनुबोधपटांच्या निवेदनातूनही महाराष्ट्रभर पोहोचला होता. २०१७ साली, नव्वदी पार केल्यावर, ते गेले तेव्हा ज्यांनी त्यांचा चेहरा कधीही पाहिला नव्हता अशा माणसांनाही घरातले माणूस गेल्याचे दुःख झाले.

अन्यायाविषयी म्हणाल, तर माझी भावना थोडी वेगळी आहे. रंगमंचावर नट दिसतो, त्यामुळे टाळी त्याला मिळते आणि भूमिका मागे राहते. रेडिओवर श्रोत्याला चेहरा स्वतः रचावा लागतो, आणि मीनावहिनींचा चेहरा तुमच्या आजोबांनी त्यांच्या ओळखीच्या कोणत्या तरी वहिनींवरून घडवला असेल. तो चेहरा नीलम प्रभूंचा नव्हता, म्हणून त्या नावाशी तो जोडला गेला नाही. असा चेहरा श्रोत्याच्या मनात उभा करणे हेच त्यांचे काम होते आणि ते त्यांनी इतक्या पूर्णतेने केले की त्यांचे नाव मागे पडले. त्या काळात मी घरी स्वयंपाकघरात बसून ‘प्रपंच’ ऐकत असे, आणि आमच्या आईने मीनावहिनींच्या एखाद्या वाक्याला चुलीपाशी बसून उत्तर दिल्याचे मला आठवते. कलाकाराला याहून मोठी दाद मिळू शकते, असे मला वाटत नाही.

तरीही नाव विसरू नये, ही तुमची तळमळ रास्त आहे, आणि त्यासाठी तुम्हाला एक सोपी गोष्ट करता येईल. आजोबांना समोर बसवून, मालिकेत काय घडे, कोणत्या वेळी ती लागे, घरात कोण कोण ऐके, टेकाडे भावजी आले की काय होई, हे सारे त्यांच्या शब्दांत मोबाइलवर मुद्रित करून ठेवा, आणि आरंभी तारीख व तीनही कलाकारांची नावे तुमच्या आवाजात सांगा. कलाकारांच्या मुलाखती पुष्कळ झाल्या. श्रोत्यांच्या फारच थोड्या झाल्या आहेत. नभोनाट्याचा अर्धा भाग श्रोत्याच्या घरात घडत असे, आणि त्या अर्ध्या भागाचे साक्षीदार आता तुमच्या आजोबांच्या वयाचे आहेत.

प्रश्न : मी सामुदायिक रेडिओ केंद्रावर स्वयंसेवक म्हणून काम करतो. आमच्या भागात पूर्वी रेडिओवर आणि गावच्या नाटकांत काम केलेले एक ज्येष्ठ कलावंत नुकतेच निवर्तले. त्यांच्यावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा आहे. तो शोकसभेसारखा होऊ नये असे वाटते. मांडणी कशी करावी? (एक तरुण वाचक, जिल्हा सातारा)

उत्तर : तुमच्यासारख्या केंद्रांना हे काम इतर कोणापेक्षाही चांगले जमेल, असा माझा विश्वास आहे. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रे चालवण्याची वाट मोकळी झाली, आणि म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी किंवा जत तालुक्यातील जालिहाळची येरळावाणी यांनी आपल्या भागाची बोली आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकवली. ५० वॅटच्या प्रक्षेपणाचा आवाका दहा-पंधरा किलोमीटरचा असतो. म्हणजे तुमचा जवळजवळ प्रत्येक श्रोता त्या कलावंताला रस्त्यावर भेटलेला असू शकतो. मोठ्या केंद्राला हे भाग्य लाभत नाही.

म्हणून परिचय वाचून दाखवण्यात वेळ घालवू नका. जन्मगाव, शिक्षण, नोकरी हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या पारावर किंवा ज्या चहाच्या दुकानात ते बसत तिथून आरंभ करा आणि तिथला खराखुरा आवाज मुद्रित करा, कपबशांसकट. नंतर तीन माणसे पुरेत : एक जो त्यांच्याबरोबर रंगमंचावर उभा होता, एक जो विंगेत उभा राहून कळसूत्र सांभाळत होता, म्हणजे पडदा, रंगभूषा किंवा प्रॉम्प्टिंग, आणि एक जो फक्त ऐकत होता. विंगेतला माणूस हमखास निवडा. नट नटाविषयी जपून बोलतो. पडदा ओढणाऱ्याला मात्र कोणत्या प्रयोगात कोण संवाद विसरला आणि त्यांनी त्याला कसे सावरून घेतले, हे तंतोतंत आठवते. मुलाखत घेताना ‘त्यांच्याविषयी दोन शब्द सांगा’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला भाषणच उत्तर म्हणून येते. ‘शेवटच्या प्रयोगाच्या दिवशी पाऊस होता का?’ असे काही विचारा.

तीनही मुलाखती त्या-त्या माणसाच्या घरी जाऊन घ्या, स्टुडिओत बोलावू नका. मधे दुःखाचे संगीत टाकण्याचा मोह आवरा. बासरीचा तो ठरावीक तुकडा वाजला की श्रोत्याला पुढचे सारे आधीच कळते. त्यांच्या नाटकातील एखादे पद गावात कोणाच्या तोंडी असेल तर ते साथीशिवाय गाऊन घ्या, आणि लेखक व संगीतकार यांचा उल्लेख करा. कोणी बोलता बोलता थांबले तर ती शांतता कापू नका, दोन-तीन सेकंद तशीच राहू द्या. रेडिओवर तीन सेकंद फार मोठे असतात, आणि त्या कलावंतांना ते पक्के ठाऊक होते.

शेवटासाठी जुनी रीत वापरा. नभोनाट्य संपले की उद्घोषक लेखकाचे नाव सांगे, मग निर्मात्याचे, मग ‘यात भाग घेतलेले कलाकार’ असे म्हणून एकेक नाव सावकाश वाची, आणि घराघरांत त्या यादीसाठी माणसे रेडिओपाशी थांबत, कारण आपल्या गावचे नाव तिच्यात येणार असे. तुमच्या कार्यक्रमाच्या अखेरीसही सहभागी झालेल्या सर्वांची नावे तशीच वाचा, आणि त्या यादीत त्यांचे नाव सर्वांत शेवटी, ‘कैलासवासी’ न लावता घ्या.